परकीय भाषांची पदवी आखताना: शून्यापासून सुरुवात, तीन वर्षं आणि हातात उरणारे तास

शिळोप्याची खिडकी | सोमवार, रात्री १०:४१

आमच्या कॉलेजात (पुण्यातलं आहे, नाव विचारू नका) पुढच्या जूनपासून 'परकीय भाषा आणि आंतरराष्ट्रीय संवाद' अशी नवी बी.ए. सुरू करायचं घाटतंय. आराखड्यासाठी पाच जण बसवलेत, त्यातली मी एक. जर्मन शिकवते, अठरा वर्षं झाली.

पहिल्या बैठकीला गेले तर पेपरांच्या नावांची यादी तयारच होती. आंतरसांस्कृतिक व्यवस्थापन, जागतिक माध्यमं, राजनय परिचय, पर्यटन, कॉर्पोरेट शिष्टाचार, डिजिटल ब्रँडिंग... लग्नातला बुफे आठवला. भाषा कुठेय म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "ती आहेच की मॅडम, प्रत्येक सत्रात."

घरी येऊन वहीत हिशेब मांडला. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास. मुख्य विषयाच्या वाट्याला साधारण निम्मे, म्हणजे ६० धरा. झाले ९०० तास. साहित्य, भाषाविज्ञान आणि त्या बुफेतले पदार्थ मिळून २४ श्रेयांक गेले की ३६० तास कमी. उरले ५४०. त्यातून गणपती, स्नेहसंमेलन, नॅकची धावपळ, निवडणुकीची ड्युटी वजा करा. साडेचारशे तास खरोखर हातात पडले तर मी पेढे वाटीन.

हे साडेचारशे तास कुठवर नेतात? जर्मनच्या बी१ साठी (ए१ ते सी२ या सहा युरोपीय पायऱ्यांतली तिसरी) ग्योटे इन्स्टिट्यूट ही जर्मन शिकवणारी, परीक्षा घेणारी संस्था ३५० ते ६५० तासिका सांगते, आणि त्यांची तासिका ४५ मिनिटांची. आपले ४५० तास म्हणजे त्यांच्या ६०० तासिका. कसाबसा बी१. जपानीचं आणखी कठीण. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेच्या चारच पातळ्या होत्या तेव्हा (२०१० ला पाच झाल्या, सोप्या एन५ पासून अवघड एन१ पर्यंत) तिसरीला ३०० तास आणि दुसरीला ६०० तास असा अंदाज दिलेला असायचा. आपला विद्यार्थी त्या दोन्हींच्या मधल्या ओढ्यात उभा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच्या अधिकाऱ्यांना जपानी शिकवायला ८८ आठवडे धरतं, वर्गातले २२०० तास. आणि त्या अधिकाऱ्यांना सकाळी एनसीसी, दुपारी पर्यावरणाचा पेपर असं काही नसतं.

बरं, शून्यापासून म्हणावं तर तेही धड नाही. अकरावी-बारावीला मराठी सोडून जर्मन-फ्रेंच घेणारी मुलं ढिगाने आहेत, कारण 'स्कोअरिंग'. गेल्या वर्षी एकाला बारावीला जर्मनमध्ये सत्त्याण्णव होते. मी सहज विचारलं, "वोहेर कोमेन झी?" तुम्ही कुठले, एवढंच. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, ही डब्ल्यू-फ्राग आहे." प्रश्नाचा प्रकार अचूक ओळखला. कुठला ते शेवटपर्यंत नाही सांगितलं.

तर मंडळी, तुमच्यातले जे या भाषांवर पोट भरतात किंवा भरायचा प्रयत्न करतात त्यांनी सांगा. आंतरराष्ट्रीय संवाद म्हणजे नेमकं काय शिकवायचं? आणि त्याचे तास कुणाच्या ताटातून काढायचे?

उंटावरचा शहाणा | सोमवार, रात्री ११:०२

फोन समोर धरला की तो भाषांतर करून बोलतो. इतकी वर्षं घालवून बी१ गाठण्यापेक्षा चार्जर घ्या चांगला.

खडूफळा | सोमवार, रात्री ११:३०

खिडकीताई, हिशेब बरोबर आहे पण एक फट सुटली. प्रात्यक्षिकाचा श्रेयांक ३० तासांचा असतो. तुमच्याकडे भाषेचे ३६ श्रेयांक उरलेत ना? त्यातले १८ प्रात्यक्षिक म्हणून दाखवा: संभाषण, श्रवण, लेखन कार्यशाळा. १८ गुणिले १५ म्हणजे २७०, १८ गुणिले ३० म्हणजे ५४०. एकूण ८१०. श्रेयांक तेवढेच राहतात आणि तास दीडपट होतात. शिवाय प्रात्यक्षिक म्हटलं की तुकड्या पाडता येतात. साठ मुलांसमोर संभाषणाचा तास म्हणजे काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. दर मुलामागे मिनिटभरसुद्धा येत नाही.

आता यातली मेख. शिक्षकाचा कार्यभार मोजताना प्रात्यक्षिकाचे दोन तास म्हणजे व्याख्यानाचा एक तास धरतात. म्हणजे शिक्षक बोलणार दुप्पट, मोजले जाणार निम्मे. मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर आहे. एका ठिकाणी माझे संभाषणाचे तास असेच 'प्रात्यक्षिक' झाले आणि मानधनाचा चेक बघून घरच्यांनी विचारलं, या महिन्यात सुट्टी होती का? तेव्हा ही युक्ती वापरा, पण ती कुणाच्या पाठीवर उभी राहणार तेही बैठकीत बोला. परकीय भाषा शिकवणारे बहुतेक जण चार कॉलेजं आणि दोन क्लास सायकलच्या चेनसारखे फिरवत असतात.

चाकणचा दुभाषी | मंगळवार, सकाळी ७:५०

बसमधून लिहितोय, चुका पोटात घाला.

मी अकरा वर्षं जपानी कंपनीत दुभाष्याचं काम करतोय. गेल्या वर्षी आमच्याकडे एक मुलगी लागली. एन२ पास, उच्चार स्वच्छ, कांजी (जपानी चित्राक्षरं) माझ्यापेक्षा देखणी. पहिल्याच आठवड्यात लाइनवर जपानी इंजिनिअरने एक पार्ट उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बारी गा देतेइमासु." तिला 'बारी' ठाऊक नव्हतं. तिने ऑपरेटरला विचारलं, "कुणाची बारी आहे, असं काहीतरी म्हणताहेत." ऑपरेटर सोलापूरकडचा, सरळ माणूस. म्हणाला, "आत्ता माझी, दोनपासून शिंद्याची."

बारी म्हणजे कापल्यावर धातूच्या कडेला राहते ती खरखर. आपली पोरं तिला 'बर' म्हणतात. तो बारी म्हणत होता, हा रोज बर म्हणतो, दोघांचा शब्द ऐकायला जवळजवळ एकच; आणि मधे उभी पदवी.

दोष तिचा नाही. तिच्या पुस्तकात चहाचा समारंभ होता, चेरीचा बहर होता, पर्यावरणाचं संरक्षण होतं. किझु म्हणजे चरा, गाता म्हणजे सांध्यातली ढिलाई, हे शब्द नव्हते. आणि जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, त्यामुळे एन२ असणं आणि लाइनवर तोंड उघडणं यांचा संबंध असेलच असं नाही. ती आता उत्तम काम करते. सहा महिने मी तिला रोज जेवणाच्या सुट्टीत एक पार्ट हातात देऊन दहा वाक्यं बोलायला लावायचो. हे सहा महिने कॉलेजने घ्यायला हवे होते. नव्या आराखड्यात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आहेच, ते मुलांना रिसेप्शनवर बसवून वाया घालवू नका. शॉप फ्लोअरवर पाठवा, सेफ्टी शूज घालून.

आता तुमचा आंतरराष्ट्रीय संवाद. आमच्या खरेदीखात्याच्या साहेबांनी जपान्यांना एक नवा पुरवठादार सुचवला. तिकडून उत्तर आलं, "केन्तो शिमासु." शब्दशः, विचार करतो. साहेब खूश. दर सोमवारी पाठपुरावा, "विचार झाला का?" सातव्या सोमवारी मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, साहेब, तुमच्या मुलीला बघायला आलेले लोक जाताना 'बघू, कळवतो' म्हणाले तर तुम्ही दर सोमवारी फोन कराल का? त्यांचा चेहरा बघायला हवा होता. ज्याच्या घरात 'बघू' हा शब्द आहे त्याला देशोदेशीच्या संस्कृतींची तुलना करणारे हॉफस्टेडचे तक्ते पाठ करून हे शिकावं लागू नये.

उलट बाजूही आहे. आपण 'हो सर, होऊन जाईल' म्हणतो तेव्हा जपानी माणूस वहीत तारीख लिहितो. ते माझ्या आयुष्यातले सर्वात वाईट शुक्रवार.

नाचणी | मंगळवार, सकाळी ११:१५

मी फ्रेंच शिकवून निवृत्त झाले आहे, तेव्हा जुनाट वाटलं तर वाटू द्या.

चाकणच्या भाऊंचा प्रतिसाद वाचून खूप हसले आणि मग काळजी वाटली. आता सगळे म्हणणार, साहित्य काढा, बर आणि चरा शिकवा. कंपनीला हवा तो शब्दसंग्रह कंपनीने सहा महिन्यांत द्यावा, त्यांनी दिलाही. पण लांबलचक वाक्य न घाबरता शेवटपर्यंत वाचणं, माणूस एक बोलतोय आणि सांगतोय दुसरंच हे ताडणं, हे सहा महिन्यांत येत नाही. ते कथा वाचून येतं. 'बघू' चा अर्थ भाऊंना कळला तो काही शिष्टाचाराच्या पेपरातून नाही.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. साहित्याच्या नावाखाली आपण कालखंड आणि वाद शिकवले, तेही इंग्रजीतून. स्वच्छंदतावादाची सहा वैशिष्ट्यं. मुलीने मूळ फ्रेंच पान एकही वाचलेलं नसायचं, पण वैशिष्ट्यं सहाच्या सहा. असं साहित्य काढलंत तर मी टाळ्या वाजवीन. दोन पानांची कथा घ्या, तीन आठवडे घ्या, मोठ्याने वाचा, पात्रांची 'तू' आणि 'तुम्ही' कुठे बदलतात ते शोधायला लावा. तो भाषेचाच तास होतो, वेगळे श्रेयांक लागत नाहीत.

तोंडी परीक्षेबद्दल कुणी बोललं नाही अजून. ग्योटेच्या बी१ मध्ये वाचन, श्रवण, लेखन, बोलणं असे चार स्वतंत्र भाग आहेत आणि प्रत्येकात शंभरपैकी साठ मिळवावे लागतात. एकातले गुण दुसऱ्याला उसने देता येत नाहीत. आपल्याकडे तोंडीचे गुण अंतर्गत मूल्यमापनात जातात आणि तिथे वीसपैकी अठराच्या खाली कुणी उतरत नाही. मीही देत होते हो. नाही दिले तर मुलं दुसऱ्या कॉलेजात जातात.

गंगा ढाबा | मंगळवार, दुपारी १:०५

मी नागपूरचा, जेएनयूत स्पॅनिश केलं. तिथे परकीय भाषांच्या बी.ए. ऑनर्सला भाषा आधी यायला लागत नाही, शून्यापासूनच घेतात. सुरुवातीचा काळ जवळजवळ सगळाच भाषेचा. सकाळी भाषा, जेवून पुन्हा भाषा. इतिहास आणि साहित्य मागाहून येतं, आणि येतं ते स्पॅनिशमधूनच. क्रम तेवढा महत्त्वाचा आहे. आपल्याकडचे आराखडे पहिल्याच सत्रात 'फ्रान्सचा इतिहास' इंग्रजीत ठेवतात, कारण ते शिकवणारा माणूस मोकळा असतो.

हैदराबादच्या इफ्लू या भाषांच्या केंद्रीय विद्यापीठातही परकीय भाषांत बी.ए. आहे. फार लांब जायचं नसेल तर वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात परकीय भाषा शिकवतात, तिथले लोक काय माध्यमातून शिकवतात तेही बघून या. पुण्याच्या लोकांना वर्धा स्टुटगार्टपेक्षा लांब वाटतं, माहितेय.

लांबची आत्या | मंगळवार, संध्याकाळी ६:२० (इथली दुपार)

स्टुटगार्टचं नाव निघालं म्हणून आले. जर्मनीत, तिथून चाळीस मिनिटांवर राहते, एका रुग्णालयात काम करते.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, कुशल मनुष्यबळाचा, दहा हजारांचा आकडा होता. तेव्हापासून गावाकडून मला आठवड्याला एक तरी फोन येतो. त्यांना सांगते तेच इथे सांगते. नर्सिंगची पदवी इथे मान्य करून घ्यायला साधारण बी२ लागतं. हाताखाली शिकत काम करायचं म्हटलं तरी बी१ मागतात. म्हणजे खिडकी, तुझी पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलगी भाषेत तीन वर्षं घालवून बी१ वर उभी, आणि तिच्या शेजारी सोलापूरचा वायरमन खासगी क्लासात वर्ष-दीड वर्ष घासून त्याच बी१ वर उभा. त्याच्या हातात कला आहे. तिच्या हातात काय? हा प्रश्न तुझ्या आराखड्याने सोडवायला हवा, माझ्या मते तोच मुख्य. तिला तुम्ही बी२ च्या पुढे न्या, नाहीतर भाषेच्या जोडीला दुसरा धड विषय द्या. लेखाशास्त्र द्या, लॉजिस्टिक्स द्या. मायनर (दुय्यम विषय) म्हणून उरलेसुरलेलं काही नको.

एक गोष्ट मात्र आपल्या शिक्षकांनी फुकट सोडलीय, ती म्हणजे मराठी. मला भाषा शिकवली ती सगळी इंग्रजीच्या वळणाने. जर्मनला तीन लिंगं, म्हणून वर्गात सुस्कारे. अहो, मराठीला तीनच आहेत! 'दास मेडशेन' म्हणजे मुलगी आणि ती नपुंसकलिंगी कशी, असं माझे दिल्लीचे सहकारी अजून विचारतात. आपण 'ते लेकरू', 'ते कार्टं' ऐकत वाढलो, आपल्याला कशाला नवल? जर्मन झेडचा उच्चार घ्या. 'चार' मधला च आणि जनावरांच्या 'चारा' मधला च वेगळे, हे मराठी मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. 'त्साइट' मधे तो चाऱ्याचा च आहे. एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

ढ विद्यार्थी | मंगळवार, रात्री ९:४८

आत्यांचं शेवटचं वाचून लिहावंसं वाटलं. मी बीड जिल्ह्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता पुण्यात जपानी करतोय, शेवटचं वर्ष.

पहिल्या वर्षी मला जपानी अवघड गेलं नाही, इंग्रजी अवघड गेलं. व्याकरणाची टिपणं इंग्रजीत, शिक्षकांचं समजावणं इंग्रजीत. 'पार्टिकल' म्हणजे काय हेच मला दोन महिने कळलं नव्हतं. सगळी मुलं 'नि' या पार्टिकलच्या (शब्दाला जोडून येणाऱ्या प्रत्ययासारख्या शब्दाच्या) जागा पाठ करत होती, तशा मीही करत होतो. मग एकदा रूमवर वहीत एक वाक्य लिहिलं, खाली मराठी लिहिलं:

वाताशी वा | माइआसा | शिचि-जि नि | दाइगाकु नि | इकिमासु
मी | रोज सकाळी | सात वाजता, म्हणजे सातला | कॉलेजला | जातो

सातला, कॉलेजला. नि, नि. जिथे मी 'ला' म्हणतो तिथे ते 'नि' म्हणतात, क्रियापद शेवटी, सगळं आपापल्या जागी. त्या रात्री मी रूमपार्टनरला उठवून दाखवलं. तो मेकॅनिकलचा, म्हणाला झोप.

सगळीकडे जुळत नाही हे नंतर कळलं ('दे' या दुसऱ्या पार्टिकलने फार मारलं), पण भीती गेली. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, "इन इंग्लिश प्लीज, सगळ्यांना कळलं पाहिजे." वर्गातल्या बावीसपैकी सतरा जणांची मराठी मातृभाषा होती. मी मोजलं होतं.

उंटावरचा शहाणा | मंगळवार, रात्री १०:१५

ढ, नाव बदला. हा प्रतिसाद ढ माणसाचा नाही. (माझं चार्जरबद्दलचं मत कायम आहे.)

मांडवीकाठ | बुधवार, सकाळी ८:३२

सगळे जर्मन-जपानी, कारखाना आणि व्हिसा. थोडं आमच्याकडे बघा.

गोव्यात पोर्तुगीज ही काही परदेशात जाऊन वापरायची भाषा नव्हे फक्त. जुने जमिनीचे दस्त, नोटरीची पुस्तकं, वारसाहक्काची कागदपत्रं पोर्तुगीजमध्ये, तीही हस्ताक्षरात. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा इथे आजही चालतो. शिवाय १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करायला धावतात, त्यासाठी दाखले, भाषांतरं, नावांच्या स्पेलिंगचे घोळ. आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे. माझा शेजारी वकील आहे. तो म्हणतो, पक्षकार मिळतात, जुनं हस्ताक्षर लावणारा माणूस मिळत नाही.

गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, पण मी म्हणतोय ते तुमच्या आराखड्यासाठी. 'आंतरराष्ट्रीय' म्हटलं की आपल्याला विमान दिसतं. मराठ्यांचा अर्धा परराष्ट्र व्यवहार पणजीच्या पुराभिलेखागारात पडून आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथे बसून मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवर जन्मभर काम केलं. त्या खुर्चीत बसायला दोन्ही भाषा येणारी पोरं लागतात. फारसीचंही तेच, पुण्याच्या दफ्तरांत. एखादा चार श्रेयांकांचा पेपर 'कागद वाचणे' असा ठेवा की. दहा मुलं घेतील, पण त्या दहांना काम आहे.

अवांतर: पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेले. पोर्तुगीजच्या पहिल्या तासाला मुलांना त्यांना आधीच येणारे शब्द फळ्यावर लिहायला सांगा. पगार शब्द दिसला की वर्ग खुलतो.

चाकणचा दुभाषी | बुधवार, सकाळी ९:१०

नाचणीबाई, साहित्य काढा असं मी म्हटलं नाही हो. चहाचा समारंभ काढा म्हटलं.

नाचणी | बुधवार, सकाळी ९:४०

मग आपलं भांडण मिटलं.

कानामात्रा | बुधवार, दुपारी ३:२५

उंटावरच्या शहाण्यांना उत्तर द्यायला हा प्रतिसाद. मी स्थानिकीकरणात आहे. ॲप, मॅन्युअल, औषधांची माहितीपत्रकं मराठीत आणते. आमच्याकडे आता बहुतेक कामं यंत्राने केलेल्या भाषांतराची डागडुजी म्हणून येतात. दर कमी झालेत, हे खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. नवीन मुलांना 'भाषांतरात खूप पैसा आहे' असं माहितीपत्रकात छापू नका.

पण यंत्र कुठे मार खातं ते ऐका. एका जपानी यंत्राचं मॅन्युअल इंग्रजीतून फिरून आमच्याकडे आलं. जपानीत वाक्याला कर्ता नव्हता, इंग्रजीत यंत्राने तो घातला, मराठीत तो 'आपण' झाला. 'आपण पात्यापासून काढून टाकले जावे.' काढायचं होतं ते झाकण. असं वाक्य दिसतं तेव्हा मूळ जपानीत डोकावता येणारा माणूस लागतो आणि ते मराठीत धड लिहिणाराही लागतो. पहिला कसाबसा मिळतो. दुसऱ्यासाठी मी तीन महिने मुलाखती घेतल्या.

ज्यांना बी२, एन२ अशी प्रमाणपत्रं आहेत त्यांना मी मराठीतला एक परिच्छेद लिहायला देते. 'सदर बटण दाबण्यात यावे जेणेकरून प्रक्रिया सुरू होणे शक्य होईल.' बटण दाबा, यंत्र सुरू होईल, एवढं लिहायला कुणी तयार नाही. अकरावीला मराठी सोडून जर्मन घेतलं ना, त्याचं बिल माझ्या टेबलावर येतं.

दुभाष्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत भाषांची वर्गवारी असते: ए, बी, सी. ए म्हणजे तुमची मातृभाषा, तिच्यात तुम्ही काहीही आणि कसंही बोलू शकता अशी. बी म्हणजे अस्खलित येणारी दुसरी, सी म्हणजे नुसती समजणारी. दुभाषे घडवणाऱ्या शाळा आधी ए भाषा तपासतात. आपल्याकडच्या मुलांची ए कुठली? मराठी म्हणावी तर लिहिता येत नाही, इंग्रजी म्हणावी तर घरात नाही. दोन बी घेऊन फिरतात बिचारी. खिडकीताई, तुमच्या यादीत ब्रँडिंगचा पेपर आहे, मराठीचा आहे का?

शिळोप्याची खिडकी | बुधवार, रात्री ११:५५

नाही. मराठीचा पेपर नाही. कानामात्रांचा प्रतिसाद वाचून यादी पुन्हा काढली आणि दोनदा शोधलं.

आज दुपारी अनौपचारिक बैठक होती, वृत्तांत देते. ढ विद्यार्थ्याचं 'ला' आणि 'नि' चं वाक्य मी फळ्यावर लिहिलं. आमचे जपानीचे सर पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मी हे वीस वर्षं मनातल्या मनात करतोय, वर्गात कधी बोललो नाही. मॅडमांसारखंच, इन इंग्लिश प्लीज." त्यांनी मराठीतून व्याकरणाची टिपणं लिहायचं कबूल केलंय. लेखी घेतलंय मी त्यांच्याकडून, पेढ्याच्या बॉक्सवर.

खडूफळा, १८ श्रेयांक प्रात्यक्षिक करायचं मान्य झालं. कार्यभाराचा मुद्दा मांडला तेव्हा 'तो नंतर बघू' असं उत्तर आलं. चाकणचे दुभाषी, तुम्हीच सांगा हे कुठल्या भाषेतलं बघू. मी मात्र दर सोमवारी विचारणार आहे. तासिका तत्त्वावरच्या दोन बाईंना पुढच्या बैठकीला बोलवावं असं लिहून दिलंय.

आत्या, तुझा वायरमन मला रात्रभर छळणार. शॉर्टकट नाही दिसत. जर्मनला चौथ्या वर्षाशिवाय बी२ होत नाही, हे माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापायचं असा माझा आग्रह आहे. तीन वर्षांवर थांबलात तर बी१, जपानीला एन४ नक्की आणि मेहनत केलीत तर एन३. प्रवेशाच्या जाहिरातीत हे लिहिलं तर मुलं येणार नाहीत, असं दोघांचं मत पडलं. एकाने तर 'जागतिक करिअर' हे शब्द हवेतच असा हट्ट धरला. त्यावर मतदान पुढच्या वेळी. एका वर्षाचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत आहे, तिथे तर आणखी जपायला हवं. ए२ घेऊन कुणी 'मी जर्मन केलंय' म्हणत मुलाखतीला जाऊ नये.

राजनय आणि ब्रँडिंग एकत्र करून एकच पेपर झाला, त्यालाही नाव शोधताहेत. शिष्टाचार गेला. कार्ड दोन हातांनी द्यावं हे जपानीचे सर पाच मिनिटांत सांगतील. मांडवीकाठ, 'कागद वाचणे' नाव सगळ्यांना आवडलं, पण शिकवणारं माणूस पुण्यात बसून कुठून आणायचं? गोव्यातून आठवड्याला एक ऑनलाइन तास घेणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कानामात्रा | गुरुवार, सकाळी १०:०८

आणि मराठी?

शिळोप्याची खिडकी | गुरुवार, दुपारी १:३०

चार श्रेयांक मिळाले. 'अनुवादासाठी मराठी'. नाव मी आणि नाचणीबाईंनी (व्यनितून) ठरवलं. आता मराठी विभाग म्हणतोय हा पेपर आमचा, आणि त्यांच्या मसुद्यात पहिलं प्रकरण 'मराठी भाषेची उत्पत्ती'. परकीय भाषा विभाग म्हणतोय पेपर आमचा, पण शिकवायला कुणी पुढे येत नाही. मी परीक्षेसाठी एकच प्रश्न सुचवला: तुमचं झाकणाचं वाक्य द्यायचं आणि नीट लिहायला सांगायचं.

वेळापत्रकात तो सध्या शनिवारी सकाळी सव्वासातला पडलाय. खोली मिळालेली नाही.

ढ विद्यार्थी | गुरुवार, दुपारी १:३४

मॅडम, बाहेरच्या विद्यार्थ्यांना बसता येईल का? सव्वासात चालेल.